'चॅम्प' की 'चॉम्प'? आवाज करत चावण्याच्या इंग्रजी शब्दाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना एकाच पानावर तेच क्रियापद दोनदा आलं. आधी खिडकीशी बसलेले आजोबा 'चॅम्पिंग हिज जॉज' करत होते, आणि पुढच्या चार ओळींत बूट घालून दारात उभा असलेला नातू 'चॅम्पिंग ॲट द बिट' होता. शब्दकोशात 'आवाज करत चावणे' एवढाच अर्थ सापडला. तो धरून तुम्ही आजोबांना मचमच करत खायला बसवलंत आणि नातवापाशी येऊन अडलात. त्यात एका सहकाऱ्याने सांगितलं की खरा शब्द 'चॉम्प' आहे, 'चॅम्प' ही छपाईची चूक असणार.

छपाईची चूक अजिबात नाही. गेली पंचवीसेक वर्षं मी इंग्रजी-मराठी अनुवाद तपासतोय, आणि या शब्दावर चांगले चांगले अनुवादक घसरलेले पाहिलेत. कारण एकच: कोशातला 'आवाज' हा शब्द डोळ्यांत भरतो आणि 'जबडा' निसटून जातो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चॅम्प आणि चॉम्प यांचा वाद मिटवू. दोन्हींत जुना शब्द 'चॅम्प'. सोळाव्या शतकापासून तो इंग्रजीत छापलेला सापडतो, आणि 'चॅम' असं त्याचं रूप त्याहूनही आधीचं आहे. 'चॉम्प' हे त्याचंच बदललेलं रूप. इंग्रजीत हा बदल एकट्या याच शब्दात झालेला नाही. पाय आपटण्यासाठी 'स्टॅम्प' होता, त्याचा अमेरिकेत 'स्टॉम्प' झाला. पाय ओढत, जड पावलं टाकत चालण्यासाठी 'ट्रॅम्प' होता, त्याचा 'ट्रॉम्प' झाला. तिन्ही शब्द ताकदीने काहीतरी दाबण्या-आपटण्याचे आहेत, आणि तिन्हींत 'ॲ' जाऊन 'ऑ' आला. मला वाटतं यात कानाचा मोठा वाटा आहे. 'ॲ' म्हणताना तोंड आडवं फाकतं, 'ऑ' म्हणताना जबडा खाली पडतो आणि आवाज भारदस्त होतो. मोठा घास तोडण्याच्या क्रियेला बोलणाऱ्याने भारदस्त स्वर पसंत केला, एवढंच.

उच्चाराचा एक बारकावा इथेच सांगतो, कारण ऐकताना हमखास गोंधळ होतो. ब्रिटिश माणूस 'चॉम्प' म्हणताना आखूड 'ऑ' लावतो. अमेरिकन माणसाच्या तोंडी तोच स्वर आपल्या 'आ'कडे झुकतो आणि शब्द जवळजवळ 'चाम्प' असा ऐकू येतो. मराठी कानाला तो 'चॅम्प'च वाटू शकतो. तेव्हा ऐकीव शब्दावरून कोणता ते ठरवू नका, लिहिलेला पाहा. भूतकाळी रूपात शेवटचा 'ड' उच्चारात 'ट' होतो: चॅम्प्ट, चॉम्प्ट.

आता अर्थाकडे. 'चॅम्प'मध्ये मुख्य गोष्ट जबड्याची हालचाल. जबडा जोराने मिटतो, उघडतो, पुन्हा मिटतो, आणि ते थांबत नाही. आवाज हा त्या जोराचा परिणाम. तोंडात खाणं असलंच पाहिजे अशी अटच नाही. घोडा लोखंड चॅम्प करतो, दात पडलेला म्हातारा माणूस रिकाम्या हिरड्या चॅम्प करतो, संतापलेलं जनावर नुसतेच दात आपटतं तेही चॅम्प. म्हणून आजोबांना तुम्ही मचमच करत खायला लावलंत तिथे वाक्याचा पायाच सरकला. मूळ वाक्यात ताटच नाही. ते नुसते बसलेत आणि त्यांचा जबडा हलतोय.

आणि 'मचमच' म्हणजे तरी काय, हेही नीट ऐकून पाहा. 'म'ला ओठ मिटतात, 'च'ला जीभ टाळ्यावरून सुटते. या शब्दात ओठ आहेत, लाळ आहे, ओलं काहीतरी आहे. दातांचा त्यात पत्ताच नाही. मचमच करणाऱ्याविषयी बोलणाऱ्याच्या मनात थोडी किळसही असते. 'चॅम्प'मध्ये किळस नाही. त्यात जोर आहे आणि पुष्कळदा अधीरपणा आहे. मचमचला जवळचा इंग्रजी शब्द हवा असेल तर तो 'स्मॅक', ओठ चुटकन सुटण्याचा आवाज. पण 'स्मॅकिंग वन्स लिप्स' म्हटलं की अर्थ पुन्हा बदलतो. तिथे आवड आणि तृप्ती येते, आणि मराठीत त्याला 'मिटक्या मारणे' हा तयार शब्द आहे. एकाच ओठांच्या आवाजाला आपण आवडीने मिटक्या म्हणतो आणि वैतागून मचमच म्हणतो. इंग्रजीत हा निवाडा संदर्भावर सोडलेला असतो.

एक प्रयोग करून बघा, मी अनुवादाच्या वर्गात तो करून घेतो. कच्चं गाजर घ्या. पहिला तुकडा पुढच्या दातांनी तोडा. 'कट्ट' असा एकच ठणठणीत आवाज येईल. तो 'चॉम्प'चा क्षण: मोठा घास, एका झटक्यात. आता ओठ मिटून दाढांखाली चावा. 'कर्रम कर्रम' आवाज येतो, पण तुम्हाला जेवढा मोठा वाटतो तेवढा शेजारच्याला ऐकू येत नाही, कारण तुमच्यापर्यंत तो जबड्याच्या आणि कवटीच्या हाडातून पोचतोय. हा 'क्रंच'. आणखी दहा-बारा वेळा चावा. कुरकुरीतपणा संपतो, लगदा होतो, लय संथ होते. हा 'मंच'. आता ओठ उघडे ठेवून तोच लगदा चावा. शेजारी बसलेला तोंड फिरवेल. ती मचमच. एकाच घासाच्या प्रवासात चार शब्द येऊन जातात, आणि कोश चौघांपुढेही 'आवाज करत खाणे' लिहून मोकळा होतो.

'क्रंच' हा मुळात पदार्थाचा शब्द आहे, खाणाऱ्याचा कमी. गाजर क्रंच होतं कारण गाजर तसं आहे. पिकलेलं केळं कितीही जोराने चावलंत तरी क्रंच होणार नाही, चॉम्प मात्र करता येईल. म्हणूनच खडीवरून चालताना, गोठलेल्या बर्फावर पाय देताना इंग्रजीत हाच शब्द येतो. कठीण पण ठिसूळ काहीतरी दबून मोडतंय, बस्स. या आवाजाचा चवीशी किती घट्ट संबंध आहे हे ऑक्सफर्डमधले मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी एका गमतीदार वाटणाऱ्या पण गंभीर प्रयोगात दाखवलं. माणसांना बटाट्याचे चिप्स चावायला दिले आणि चावण्याचा आवाज हेडफोनमधून थोडा बदलून त्यांच्याच कानांत सोडला. आवाज मोठा केला, त्यातले उंच स्वर वाढवले, की तेच चिप्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटू लागले. संशोधन २००४ साली छापून आलं आणि २००८ मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. अनुवादकाने यातून घ्यायचं ते असं की कुरकुरीतपणा जिभेइतकाच कानाचाही विषय आहे. पदार्थाच्या वर्णनात 'क्रंच' आला आणि तुम्ही नुसतं 'चावून खाल्लं' लिहिलंत, तर अर्धी चवच गेली.

'मंच' हा या घरातला सुखी शब्द. सशाने पान खाणं, गायीने गवत खाणं, सुरवंटाने पानाच्या कडेने संथपणे सरकत जाणं, सिनेमा पाहताना माणसाने हातातलं काहीतरी खात राहणं, सगळं 'मंच'. लय एकसारखी, घाई नाही, खाणाऱ्याला दुसरं काही सुचत नाही. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये पहिली चेटकीण एका खलाश्याच्या बायकोची तक्रार सांगते. ती बाई मांडीवर चेस्टनट घेऊन बसली होती, आणि चेटकीण तिच्या खाण्याला 'मंच्ट' हा शब्द लागोपाठ तीनदा वापरते. त्या तीन वेळांत बाईचं निवांत खाणंही दिसतं आणि तिला काहीच न मिळालेल्या चेटकिणीची चिडचिडही. शब्दाची लय कशासाठी वापरायची याचा याहून सोपा धडा मला माहीत नाही. जाता जाता, नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड याचं आडनाव इंग्रजी स्पेलिंगात अगदी 'मंच'सारखं दिसतं, पण उच्चार 'मुंक'. चित्रकलेवरच्या लेखात 'एडवर्ड मंच' छापलेलं मी अनेकदा दुरुस्त केलंय.

'च्यू' हे या सगळ्यांतलं सर्वांत साधं क्रियापद. आवाजाविषयी ते काहीच सांगत नाही. कुणी मोठ्याने चावत असेल तर पुढे 'नॉइझिली' किंवा 'विथ हिज माउथ ओपन' असं काहीतरी जोडावं लागतं. 'मॅस्टिकेट' हा डॉक्टरांच्या आणि प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतला. मराठीत त्याच्या तोडीचा 'चर्वण' आहेच, दोन्ही गोष्टीत वापरले तर सारखेच खडबडीत लागतात.

मराठीकडे या बाबतीत कमी नाही. कुरुम कुरुम, कुडुम कुडुम, कर्रकर्र, कटाकट, चपचप, मचाक मचाक. शिवाय भुरके, मिटक्या, तोबरा, बोकाणा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. ती चाळली तर असे ध्वनीवरून आलेले शब्द पानोपानी भेटतात. पण दोन्ही भाषांची रचना वेगळी आहे आणि खरी अडचण तिथे येते. इंग्रजी आवाज क्रियापदाच्या पोटात घालते: ससा 'मंच' करतो. मराठी आवाज बाहेर काढून क्रियापदाच्या शेजारी ठेवते: ससा कुरुम कुरुम पान खातो. म्हणजे इंग्रजीतल्या एका शब्दाला मराठीत दोन-तीन शब्द लागणार. लागू द्यात. मात्र एका परिच्छेदात तीन ठिकाणी असे जोडशब्द आले की लिखाण बालवाडीच्या पुस्तकासारखं होतं. मोठ्यांच्या कथेत मी शक्यतो एकाच जागी ध्वनिशब्द ठेवतो आणि बाकीच्या ठिकाणी जबडा, दाढा, घास यांच्या हालचालीतून आवाज सुचवतो. 'दाढेखाली फोडणे', 'कचकन तोडणे', 'चावत राहणे' यांतही आवाज आहे, फक्त तो गाजावाजा करत नाही.

आता नातवाकडे येऊ. इथे घोडा समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

'बिट' म्हणजे इथे 'थोडंसं' नव्हे. लगामाचा जो धातूचा दांडा घोड्याच्या तोंडात आडवा बसतो, तो बिट. घोड्याच्या जबड्यात पुढे पटाशीचे दात असतात, मागे दाढा असतात, आणि मध्ये हिरडीची लांब मोकळी जागा असते. दांडा तिथे, जिभेवरून आडवा बसतो. गंमत म्हणजे 'बिट' हा शब्दही 'बाइट'च्याच घरातला आहे, चावण्याचाच. त्यामुळे 'चॅम्पिंग ॲट द बिट'मध्ये दोन्ही टोकांना दातच आहेत.

निघायच्या तयारीत असलेल्या घोड्याजवळ मी एकदा बराच वेळ उभा होतो. स्वार खोगिराचा पट्टा आवळत होता आणि घोडा एका जागी उभा होता. उभा म्हणजे पाय जागेवर, एवढंच. जबडा सारखा चालू होता. खालचा जबडा आडवा सरकायचा, लोखंडाची कडी खळखळायची, दाढा दांड्याकडे जायच्या, निसटायच्या, पुन्हा जायच्या. ओठांच्या कोपऱ्यात पांढरा फेस जमला होता आणि त्याचा एक थेंब छातीवर उडाला होता. कान पुढे. स्वाराने लगाम हातात घेतला तसा आवाज वाढला. अंगात होता तेवढा सगळा वेग त्या क्षणी जबड्यात येऊन साचला होता, कारण पायांना परवानगी नव्हती. कोशात तो शब्द मी शेकडो वेळा पाहिला होता. कळला त्या दिवशी. (घोड्यांची माणसं सांगतात की शांत घोडाही दांडा हलकेच चघळतो आणि ते चांगलं लक्षण असतं. चॅम्प करणं म्हणजे ते चघळणं नव्हे.)

या वाक्प्रचाराचा गाभा तिथेच आहे. नुसता उतावळेपणा म्हणजे 'चॅम्पिंग ॲट द बिट' नव्हे. तयारी पूर्ण आहे, ताकद आहे, इच्छा आहे आणि कुणीतरी किंवा कशानेतरी धरून ठेवलंय, हे सगळं एकदम असावं लागतं. म्हणून 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' इथे बसत नाही. त्या म्हणीत दोष माणसाचा आहे, घाई अवेळी आहे. लगाम चावणाऱ्या घोड्याला कुणी दोष देत नाही. 'हात शिवशिवणे' पुष्कळ जवळ येतं, विशेषतः काम करायला उत्सुक माणसासाठी: निकाल लागेपर्यंत थांबायचं होतं, पण तिचे हात शिवशिवत होते. मुलांसाठी 'पाय एका जागी ठरत नव्हते' चांगलं. बातमीत वाक्प्रचार आला, की अमुक संघ मैदानात उतरायला वगैरे, तर 'कधी एकदा उतरतोय असं झालंय' एवढं साधं लिहिलं तरी पुरतं. बातमीतला वाक्प्रचार झिजलेला असतो, त्याच्यासाठी मराठीत घोडा आणून बांधायची गरज नाही. कथेत मात्र लेखकाने शब्द निवडून घातलेला असतो. तिथे घोडा घालवू नये.

याच लगामावरचा दुसरा एक वाक्प्रचार आहे, 'टेक द बिट बिटवीन वन्स टीथ'. दोन्ही सर्रास एकमेकांत मिसळले जातात. या दुसऱ्यात घोड्याने दांडा जबड्यात पक्का पकडलाय, त्यामुळे स्वाराने कितीही ओढलं तरी उपयोग नाही. म्हणजे घोडा आता कुणाचं ऐकत नाही. त्यावरून अर्थ: कुणाला न जुमानता स्वतःच्या जोरावर कामाला भिडणे. एकात लगाम स्वाराच्या हातात आहे, दुसऱ्यात तो हातचा गेलाय. अनुवादात ही अदलाबदल झाली की पात्राचा स्वभावच उलटा होतो.

मग 'चॉम्पिंग ॲट द बिट' लिहिलेलं दिसतं ते चूक का? मी चूक म्हणत नाही. अमेरिकेत आज तेच रूप जास्त ऐकू येतं आणि मोठे इंग्रजी कोशही त्याची नोंद घेतात. 'चॅम्प' हे क्रियापद रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलं, या एका वाक्प्रचारात तेवढं टिकून राहिलं. लोकांना माहीत असलेला जिवंत शब्द 'चॉम्प', त्यांनी तो बसवला. तुम्ही स्वतः इंग्रजीत लिहिणार असाल तर माझा सल्ला असा की औपचारिक लेखनात, विशेषतः ब्रिटिश वाचकासाठी, 'चॅम्पिंग' ठेवा. अमेरिकन वाचकासाठी 'चॉम्पिंग'ने काही बिघडत नाही. दुसऱ्याच्या लेखनात यातलं कुठलंही रूप असलं तरी लाल शाई उचलू नका. एका संपादकाने लेखकाचा 'चॅम्पिंग' बदलून 'चॉम्पिंग' केला आणि पुढच्याने तो परत फिरवला, असं एक हस्तलिखित माझ्याकडे आलं होतं. दोघांनीही वेळ घालवला.

रोजच्या वापरात मात्र 'चॉम्प'च लागेल, तेव्हा त्याच्यासोबतची छोटी अव्ययं नीट लक्षात घ्या. 'चॉम्प ऑन' म्हणजे काहीतरी तोंडात धरून चावत राहणं, उदाहरणार्थ कुत्रा हाडकावर. 'चॉम्प डाउन ऑन' म्हणजे एकदाच, जबडा पूर्ण मिटून, कचकन. मगर, शार्क, किंवा चुकून स्वतःची जीभ. 'चॉम्प अवे' म्हणजे कुणाकडे न बघता खात सुटणं. 'चॉम्प थ्रू' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत फस्त करणं. नाम म्हणूनही चालतो: एका 'चॉम्प'मध्ये अर्धं सफरचंद गेलं. आणि 'सिगार-चॉम्पिंग' हे विशेषण तुम्हाला जुन्या धाटणीच्या दांडग्या साहेबाच्या वर्णनात भेटेल. तिथे ना खाणं आहे ना आवाज. सिगार दातांत धरून तो माणूस जबड्याने तिला छळतोय, एवढंच चित्र आहे. 'आवाज करत चावणे' हा अर्थ धरून बसलात तर इथे पुन्हा अडाल. जबडा धरलात तर अडणार नाही.

एखाद्याच्या खाण्याच्या आवाजाची तक्रार इंग्रजीत करायची असेल तर 'चॉम्प' जपून वापरा. माणसाला तो लावला की जनावराची छटा येते, लहान मुलांना लाडाने चालतो, मोठ्या माणसाला तोंडावर म्हटला तर लागतो. साधी वाक्यं बरी: तो 'नॉइझी ईटर' आहे, किंवा कृपया तोंड मिटून चावा. हा आवाज ज्यांना खरोखरच सहन होत नाही, ऐकताच ज्यांच्या अंगात संताप किंवा घबराट उठते, त्यांच्या त्रासाला 'मिसोफोनिया' हे नाव आहे. मार्गारेट आणि पावेल जॅस्ट्रेबॉफ या संशोधकांनी ते २००१ मध्ये दिलं. ज्यांना हा त्रास असतो त्यांना 'एवढ्याशा आवाजाचं काय' असं म्हणू नये. त्यांच्यासाठी तो एवढासा नसतो. आणि त्यांच्या लेखनाचा अनुवाद करताना 'चॉम्पिंग'ला कुरुम कुरुमसारखा गोड शब्द चुकूनही लावू नका. तिथे मचमचच हवी, किळसेसकट.

हे शब्द मुळात आले कुठून, असंही तुम्ही विचारलंय. बहुतेक आवाजाच्या नकलेतून. 'क्रंच', 'मंच', 'स्क्रंच' यांच्या शेवटी येणारा 'अंच' ऐकला की इंग्रजी कानाला काहीतरी दबतंय, चुरगळतंय असं वाटतं. शब्दाच्या अशा अर्थ सुचवणाऱ्या तुकड्यांना इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये 'फोनेस्थीम' असं नाव दिलं. प्रत्येक भाषा आपापल्या कानाने ऐकते. जपानीत तोंड उघडत-मिटत भराभर खाण्याला 'पाकु पाकु' म्हणतात आणि त्यावरूनच १९८० मध्ये आलेल्या व्हिडिओ गेममधल्या त्या पिवळ्या गोलाचं नाव पडलं, 'पॅक-मॅन'. त्या नावात फक्त जबडा आहे, उघडणारा आणि मिटणारा, अगदी 'चॅम्प'सारखा. आणि रोमन लोकांकडे 'मांडुकुस' नावाचं एक सोंग होतं, मोठ्या जबड्याचं, दात वाजवणारं. चावण्याच्या ज्या लॅटिन क्रियापदाशी त्याचं नातं, त्याच्यातूनच फ्रेंचचा 'मांजे', म्हणजे साधं 'खाणे', तयार झाला. दात वाजवत चावण्याचा शब्द झिजत झिजत सभ्य जेवणाचा शब्द झाला. आपल्याकडे प्रवास वेगळ्या दिशेला गेला. संस्कृत काव्यशास्त्राने चावण्यातून 'चर्वणा' उचलली आणि रसाचा आस्वाद घेण्याला ते नाव दिलं. तर उलट 'चर्वितचर्वण' म्हणजे चावून झालेलंच पुन्हा चावणं, नवं काही नसलेलं लेखन. एकाच धातूतून कौतुकही निघालं आणि टीकाही. मला हे फार सुंदर वाटतं.

'चॅम्पियन'चा 'चॅम्प' मात्र या घरातला नव्हे. तो लॅटिन 'कँपस', म्हणजे मैदान, या शब्दातून आला, मैदानात उतरून लढणारा तो चॅम्पियन. दोघांचं स्पेलिंग जुळलं हा निव्वळ योगायोग. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या बोलीत 'चॅम्प' म्हणजे कुस्करणे, ठेचणे असाही अर्थ आहे, आयरिश लेखकाची कथा असेल तर तेवढं ध्यानात असू द्या.

आता तुमची दोन वाक्यं. लेखकाने तोच शब्द दोनदा वापरलाय तो शब्द सुचला नाही म्हणून नव्हे. आजोबांना कुठे जायचं नाहीये, जाता येणारही नाही. नातवाला जायचंय, पण अजून सोडलेलं नाही. दोघांचाही जबडा चालतोय, एकाचा खरा आणि एकाचा रूपकातला. अनुवादात दोन ठिकाणी दोन वेगळे सुरेख शब्द घातले तर वाक्यं छान होतील आणि पान मरेल. म्हणून दोन्हीकडे एकच क्रियापद टिकवायचं. मी 'मचमच' काढून टाकेन, 'उतावीळ'ही काढेन आणि 'चावणे' ठेवेन. आवाज हवा म्हणून पहिल्या वाक्यात हिरड्यांचा उल्लेख आणेन, दुसऱ्यात घोड्याला उघड समोर उभा करेन, कारण मराठी वाचकाच्या कानात 'लगाम चावणे' हा वाक्प्रचार म्हणून बसलेला नाही आणि नुसता लिहिला तर मुलगा खरंच काही चावतोय असं वाटेल.

माझा खर्डा असा होईल: 'आजोबा खिडकीशी बसून रिकामंच तोंड चावत होते, हिरडीवर हिरडी आपटल्याचा बारीक आवाज येत होता.' आणि चार ओळींनंतर: 'दारात बूट घालून पोरगा उभा होता, लगाम चावणाऱ्या घोड्यासारखा.' पहिल्या वाक्यातला 'बारीक' मूळात नाही, तो मी घातला आहे. दात नसलेल्या तोंडाचा आवाज मोठा येत नाही. तुम्हाला तो जास्तीचा वाटला तर काढा, पण 'रिकामंच' काढू नका.